आणीबाणीच्या लाइनवरचा गणपती

माझ्या साडूबद्दल मी वाईट बोलतो, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. साफ खोटं. मी त्याच्याबद्दल खरं तेवढंच बोलतो, आता ते ऐकायला वाईट वाटतं त्याला मी काय करू? हा माणूस सहा फूट उंच आहे. पन्नाशी उलटली तरी डोक्यावर केस एवढे, की एखादी चिमणी बाळंतपणाला आली तर बारशापर्यंत सुखानं राहील. मुलुंडला त्याच्या बाल्कनीतून डोंगर दिसतो. नाहूरला माझ्या बाल्कनीतून समोरच्या इमारतीचं पार्किंग दिसतं, मजल्यावर मजले, नुसत्या गाड्या. पावसाळ्यात त्याच्या डोंगरावर धबधबा लागतो म्हणे. त्याचे फोटो तो मला पाठवतो, खाली लिहितो, ‘दादा, या एकदा चहाला.’ यात छळ नाही असं कुणी सिद्ध करून दाखवावं.

नात्यात थोरला जावई मी, कारण थोरली बहीण माझ्या पदरात आहे. ऑफिसात मात्र थोरला तो. कारण काय, तर त्याला बढती आधी मिळाली. ही बढती देणाऱ्यांचं मी भलं चिंततो.

आमचं ऑफिस देवनारच्या पलीकडे. काम काय, तर अणुवीज केंद्रं तपासायची. केंद्र बांधणारे वेगळे, चालवणारे वेगळे, आणि ‘हं, आता करा सुरू’ म्हणणारे आम्ही तिसरे. आम्ही मान हलवल्याशिवाय कुणाला खटका दाबता येत नाही. हे सांगताना माझी छाती अशी फुगते की शर्टाची बटणं बदलावी लागतात. पण भांडुपला सासुरवाडीत याचा उपयोग शून्य. सासरे गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. अणू-बिणू त्यांना ठाऊक नाही, पण साहेब कोण आणि साहेबाच्या हाताखाली कोण, हे त्यांना बरोबर कळतं. कोंबडी-वड्यांचा बेत असला की तंगडी त्याच्या पानात जाते. माझ्या पानात मान येते. मान! थोरल्या जावयाला! आणि सासूबाई वर म्हणतात, ‘रस्सो घेवा हां, लाजू नकात.’

ऑफिसात तर त्याच्या नजरेच्या दंतकथा सांगितल्या जातात. एखाद्या केंद्रात तो नुसता चालत गेला, बोलला नाही, थांबला नाही, आणि बाहेर येऊन म्हणाला, ‘पंपाच्या मागचा एक बोल्ट रंगाखाली लपलाय, तो आवळलेला नाही.’ जाऊन बघतात तर खरंच. दुसऱ्या केंद्रात त्यानं आगीचा दरवाजा आपोआप बंद होत नाही हे त्याच्या आवाजावरून ओळखलं. आवाजावरून! मी तोच दरवाजा उघडून, ढकलून, त्याला टेकून चहा पिऊन आलो होतो.

एवढं कौतुक पुरे. मला एकच गोष्ट हवी होती. त्याच्या नजरेतून निसटलेला एक दोष, फक्त एक, मला सापडावा. आणि तो सापडला हे चारचौघांत, शक्यतो सासऱ्यांच्या कानावर जाईल अशा रीतीनं, जाहीर व्हावं. मी देवाकडे याहून जास्त काही मागितलेलं नाही.

तर एका नव्या केंद्राची शेवटची तपासणी निघाली. समुद्राकाठचं केंद्र. यंत्रं सगळी बसून झालेली, पण भट्टी अजून थंड. ही तपासणी पार पडली की मंजुरी, आणि मंजुरी मिळाली की भट्टी पेटवायची. पथकाचा प्रमुख कोण? विचारायची गरज आहे का? आणि हाताखालचा कोण, हेही विचारू नका.

पहाटे ऑफिसची गाडी आधी मुलुंडला गेली, मग नाहूरला आली. म्हणजे खिडकीजवळची जागा गेली. तो म्हणाला, ‘दादा, तुम्ही बसता का खिडकीत?’ मी म्हटलं, ‘नको सर.’ प्रवासात लोकांसमोर मला त्याला सर म्हणावं लागतं आणि तो मला दादा म्हणतो. त्याचं दादा ऐकायला गोड लागतं, माझं सर ऐकून ड्रायव्हरला हसू येतं.

केंद्रात आम्ही फेऱ्या सुरू केल्या. त्या फेऱ्या म्हणजे काय सांगू! आमच्या बुटांखाली फरशी झिजून तळघर दिसायला लागलं. पंप पाहिले, झडपा पाहिल्या, पाइपांचे आधार पाहिले. मी तर वाकून, झोपून, उलटा लटकून पाहत होतो. कुठे काही मिळेना. जिथे माझी नजर पोचायची तिथे त्याचं बोट आधीच पोचलेलं असायचं. ‘इथे गंज आहे.’ ‘इथला फलक चुकीच्या झडपेवर आहे.’ ‘इथली शिडी भूकंपात हलेल, बांधून घ्या.’ मी प्रत्येक वेळी मागून म्हणायचो, ‘हेच मी म्हणणार होतो.’ केंद्राच्या मुख्य बाई, वयानं माझ्याएवढ्या, भारी हुशार, एकदा वळून म्हणाल्या, ‘म्हणा ना मग, तुम्हाला कोण अडवतंय?’ त्या बाईंना मी अजून माफ केलेलं नाही.

विजेच्या पॅनेलच्या खोलीतूनही आम्ही दोन-तीनदा गेलो. उंच उंच लोखंडी कपाटं, आत जाड केबली, सगळं चकचकीत. कोपऱ्यात गणपतीचा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढे लाल बल्ब. असा फोटो कुठे नसतो? घाटकोपरच्या गॅरेजमध्ये असतो, मालाडच्या झेरॉक्सच्या दुकानात असतो, आमच्या स्वतःच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये आहे. साडू दर खेपेला तिथे थांबायचा, चप्पल नाही म्हणून बुटातूनच पाय जरा बाजूला घेतल्यासारखे करायचा, हात जोडायचा आणि पुढे जायचा. मीही जोडायचो. त्यानं जोडले आणि मी नाही, असं झालं असतं तर तेही भांडुपला कळलं असतं.

शेवटची चाचणी होती अंधाराची. हे सोपं आहे, सांगतो. बाहेरून येणारी वीज मुद्दाम तोडायची. केंद्राला वाटलं पाहिजे की सगळा देश काळोखात गेला. मग डिझेलचे मोठे जनरेटर आपोआप सुरू झाले पाहिजेत. ते धापा टाकत सुरू होईपर्यंत जे काही क्षण जातात, तेवढ्यात भट्टीवर लक्ष ठेवणारी यंत्रं बॅटऱ्यांवर चालतात. म्हणजे सगळं जग झोपलं तरी न झोपणारी लाइन ती. तिच्यावर फक्त ठरलेली यंत्रं जोडायची. बाकी कुणी तिला बोट लावायचं नाही, मग तो कुणाचाही कोण असो.

प्रमुख साहेब नियंत्रण कक्षात बसले. एसी, गादीची खुर्ची, चहा. आणि मला धाडलं पॅनेलच्या खोलीत. ‘दादा, तिथे तुमच्यासारखा अनुभवी माणूस पाहिजे.’ अनुभवी म्हणजे घामाला सरावलेला. माझ्याबरोबर त्या मुख्य बाई आणि तिथले तीन इलेक्ट्रिशियन. ते तिघंही कोकणातले, त्यामुळे माझी सासुरवाडी मालवणकडची हे कळल्यावर त्यांनी मला लगेच आपला मानलं आणि बसायला एक उलटी बादली दिली.

बाहेरची लाइन तोडली. झप्! मोठे दिवे गेले. दाराशी आणि वाटेवर आणीबाणीचे, आपापल्या बॅटरीवरचे मोजके दिवे पेटले, बाकी खोलीत काळोख. असा काळोख की स्वतःचं नाक चाचपून खात्री करावी लागली. एसीचा आवाज थांबला. लांबून, दोन भिंतींपलीकडून, जनरेटरनं घशात खाकरल्यासारखं केलं. आणि माझ्या समोर, त्या काळ्याशार कोपऱ्यात, गणपतीपुढचा लाल बल्ब शांतपणे जळत होता.

मी सवयीनं हात जोडले.

जोडलेले हात तसेच राहिले. बाहेरची वीज नाही. जनरेटर अजून पेटलेला नाही. मग बाप्पा कुणाच्या विजेवर?

त्यानंतर मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून समुद्र चार पावलं मागे सरकला असं तिथले कोळी अजून सांगतात. ‘हा दिवा कुठून आलाय? कुठल्या लाइनवर आहे हा?’ तेवढ्यात जनरेटर सुरू झाला, सगळे दिवे भक्कन आले, आणि प्रकाशात मला तीन इलेक्ट्रिशियनांचे चेहरे दिसले. एक फरशीकडे बघत होता, एक छताकडे. तिसरा, त्यांतला म्हातारा, सरळ गणपतीकडे बघत होता.

बाईंनी विचारलं, ‘कुणी जोडला?’

म्हातारा म्हणाला, ‘म्याडम, देवाचो दिवो इझता नये ना. साध्या लाइनीर लायल्यालो, तर काम चालू असताना सारखी लाइट जायची. मग म्हटला, जी लाइन कधीच जात नाय, तिच्यार जोडूया.’

मला त्याचा मुद्दा इतका पटला की क्षणभर मी काय म्हणत होतो तेच विसरलो. देशात जी वीज काही झालं तरी जात नाही, ती देवाला नाही तर कुणाला द्यायची? पण बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. बल्ब एवढासा, तो काय पिणार वीज? प्रश्न तो नव्हताच. न विचारता एक वायर जोडली गेली, आणि ती जोडलेली कुणाला दिसली नाही. उद्या त्या होल्डरमध्ये शॉर्ट सर्किट झालं असतं, तर त्या लाइनीवरची ठरलेली यंत्रंही अडचणीत आली असती. आणि त्या यंत्रांवर भट्टीची भिस्त होती, आणि भट्टीवर आजूबाजूच्या सगळ्या गावांची.

आणि माझ्या मनात काय होतं? माझ्या मनात भांडुपची ती पाटाची पंगत होती, आणि माझ्या पानात तंगडी होती. त्याला दिसलं नव्हतं! सहा फुटांवरून, त्या धारदार नजरेनं, दर खेपेला हात जोडून तो या बल्बसमोर उभा राहिला होता आणि त्याला दिसलं नव्हतं! मी फोन उचलला. आवाजात जमेल तेवढं दुःख आणलं. ‘सर, जरा खाली या. तुमच्या नजरेतून एक गोष्ट राहिली आहे.’

तो आला. बल्ब पाहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे असा टक लावून बसलो होतो, जसं लोक निकालाच्या दिवशी टीव्हीकडे बसतात. मला तिथे एक बारीकसा तडा हवा होता. एखादी आठी. काहीही.

तो म्हणाला, ‘अरे वा! दादा, कमाल केलीत. मी दर खेपेला याच्या पाया पडलो आणि मला कळलं नाही. शाब्बास!’ आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मनापासून.

‘आता हा काढा,’ बाई म्हणाल्या.

कुणी हलेना. म्हातारा इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘म्याडम, उद्या-परवा भट्टी पेटतली, आणि आज देवाचो दिवो इझवूचो? मी नाय हात लावूचंय.’ दुसरा म्हणाला, ‘माका दोन पोरां आसत.’ तिसऱ्यानं नुसती मान हलवली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्याला सापडलं त्यानं काढावं, असा न्याय तिथे आपोआप ठरला होता.

आता आमचा एक नियम आहे. तपासणाऱ्यानं केंद्रातल्या कुठल्याही खटक्याला, वायरीला, झडपेला स्वतः हात लावायचा नाही. दाखवायचं, लिहायचं, बस. हा नियम मला त्या दिवशी जेवढा आवडला तेवढा आयुष्यात आवडला नव्हता. मी तो मोठ्यानं म्हणून दाखवला. दोनदा.

साडूनं मान डोलावली. मग तो पुढे झाला, फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायला लागला. हो, गाऱ्हाणं! कोकणात देवळात देवाला घालतात तसं, सासुरवाडीत उचललेल्या मालवणीत, इथे, चार भिंतींत, पॅनेलच्या साक्षीनं.

‘बा देवा म्हाराजा!’

तिघंही इलेक्ट्रिशियन झटक्यात ताठ झाले. ‘व्हय म्हाराजा!’

‘आज ही तुझी लेकरां तुझ्यासमोर हात जोडून उभी आसत. तुझो दिवो इझू नये म्हणान हेंनी भक्तीन हयसर जोडलो. भक्ती खरी, पण जागो चुकलो म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘ह्या तारेर सगळ्या गावांचो जीव आसा. तुका हयसून उठवन शेजारच्या साध्या लाइनीर बसयतत. थंयची लाइट मधीच गेली तर राग धरू नको. चूकभूल पोटात घाल. आणि परत कोणाक न विचारता वायर जोडूची बुद्धी हेंका देऊ नको, असा कर म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

शेवटच्या खेपेला त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. बाईंचा. बाई मुळात विदर्भातल्या, त्यांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी तोंड घट्ट मिटून उभा होतो.

म्हाताऱ्यानं पुढे होऊन, डोळे मिटून, वायर काढली. लाल बल्ब विझला. काही झालं नाही. आणि मग घडलं ते ऐका. दुसरा इलेक्ट्रिशियन, तो दोन पोरांवाला, हात जोडलेलेच ठेवून म्हणाला, ‘सायब, आता देवासमोर म्हटला हा म्हणान सांगतंय. त्याच लाइनीर आमच्या शिफ्टच्या खोलीतलो एक पंखो पण आसा.’

माझ्या किंकाळीनं एक बल्ब निघाला होता. याच्या गाऱ्हाण्यानं पंखा निघाला. पंखा! म्हणजे वीज खाण्यात बल्बाचा बाप. मी तिथल्या तिथे मनात हिशेब केला आणि पुन्हा मागे पडलो.

मंजुरी त्यामुळे लांबली. साडूनं बाईंना सांगितलं, त्या लाइनीवरची एकूण एक वायर टोकापासून टोकापर्यंत हातानं चाचपून पाहायची, तोवर भट्टी थंड. बाईंनी खूप विनवलं, सगळी तयारी झाली आहे, वरून फोन येतायत. तो म्हणाला, ‘माझ्या दादांना जे दिसलं ते मला दिसलं नाही. म्हणजे अजून काय काय दिसलं नसेल?’ समारोपाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, उभं राहून त्यानं सांगितलं की दिवा मी शोधला आणि तो स्वतः चुकला. टाळ्या झाल्या. मी जे मागितलं होतं ते सगळं मला मिळालं, वर टाळ्याही, आणि मला जेवण गेलं नाही. अहो, त्याला जराही जळजळ होऊ नये? माझ्या एवढ्या वर्षांच्या जळण्याला बरोबरीचा तर कुणी असावा!

पुढच्या रविवारी भांडुपला जेवायला सगळे जमले. सासऱ्यांनी विचारलं, ‘कामाचा काय झाला?’ साडू म्हणाला, ‘दादांनी एक मोठी चूक पकडली. त्यांच्यामुळे वाचलो.’ आणि वडा मोडून खायला लागला. संपलं! एवढी मोठी गोष्ट, माझ्या आयुष्यातली एकुलती एक, त्यानं दोन वाक्यांत भाजीसारखी वाढून टाकली. सासरे ‘बरा झाला’ म्हणाले आणि रश्श्याकडे वळले.

मला ते सहन झालं नाही. मी हात धुतले आणि गोष्ट हातात घेतली. काळोख सांगितला, असा की सासूबाईंनी उठून ट्यूबलाइट लावली. जनरेटरची खाकर काढून दाखवली. लाल बल्ब, माझे जोडलेले हात, माझी किंकाळी, मागे सरकलेला समुद्र, सगळं. मुलं ताटं सोडून जवळ आली. पण गोष्ट सांगणाऱ्याची एक अडचण असते. गोष्ट एकदा चढाला लागली की ती शिखरावर नेऊन सोडावीच लागते, आणि या गोष्टीचं शिखर माझ्या हातात नव्हतं. मी किंकाळीवर थांबायचा खूप प्रयत्न केला. मुलं म्हणाली, ‘मग? दिवा काढला कुणी?’ आणि माझ्या तोंडून गाऱ्हाणं सुरू झालं. त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत. खरं सांगायचं तर त्यात मी पदरच्या चार ओळी घातल्या, बॅटऱ्यांना सात बहिणी केलं, जनरेटरला राखणदार केलं. अख्खी खोली ‘व्हय म्हाराजा’ म्हणून गर्जली. शेजारच्या बिऱ्हाडातून कुणीतरी डोकावून गेलं.

सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी धाकट्या जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. ‘असो जावय मिळाक पुण्य लागता,’ म्हणाले. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत माझ्याकडे वळून विचारलं, ‘आणि तेव्हा तुमी खंय होतास?’

परतताना रिक्षात बायकोनं आधी पदर सावरला. मग म्हणाली, ‘दिवा तुलाच सापडला ना रे?’

‘मलाच.’

‘मग तिथेच थांबायचं ना! त्याचं गाऱ्हाणं कशाला एवढं रंगवलंस?’

‘अगं, त्याच्याशिवाय गोष्टीला मजाच नाही.’

‘मग भोग,’ ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. पण मला तिच्या खांद्यावरून कळत होतं, ती हसत होती.

तर आता मी ठरवलं आहे. पुढची तपासणी कधी निघेल माहीत नाही, कुठल्या खोलीत कुठला देव कुठल्या वायरीवर बसला असेल तेही माहीत नाही. पण त्या वेळी गाऱ्हाणं घालणार मी. रोज सकाळी आंघोळीला गेलो की नळ सोडून सराव करतो. आवाज घुमतो छान, मालवणी अजून जरा अडखळते. परवा मी ‘बा देवा म्हाराजा, ह्या थोरल्या जावयाक यश दी म्हाराजा’ इथपर्यंत आलो होतो, तोच न्हाणीघराच्या खिडकीबाहेरच्या डक्टमधून, खालच्या मजल्यावरून, दात घासत असलेल्या कुणाचा तरी फेसाळ आवाज आला:

‘व्हय म्हाराजा!’